वेड, तुरुंग आणि एका बापाचें पुस्तक

पुण्याकडचा माणूस संतापला म्हणजे समोरच्याला येरवड्यास धाडण्याची भाषा करतो. मुंबईकडचा ठाण्यास धाडण्याची करतो. ह्या धमकींत एक मौज आहे, आणि ती बोलणाराच्याही सहसा ध्यानांत येत नाहीं. येरवड्यास तुरुंग आहे आणि मनोरुग्णालयही आहे. ठाण्यासही तीच गोष्ट. तेव्हां धमकी कोणत्या दाराची, हें ऐकणारानें प्रसंगावरून ताडावयाचें असतें. दोन दारांना लोकांनीं एकच नांव देऊन ठेविलें हा केवळ भूगोलाचा योगायोग, असें म्हणून एरव्हीं आपण हंसून पुढें गेलों असतों. परंतु पीट अर्ली ह्या अमेरिकन पत्रकाराचें 'क्रेझी' हें पुस्तक वाचून खालीं ठेवल्यावर तसें हंसतां येत नाहीं. ज्या देशाजवळ पैसा, वैद्यक व कायदा ह्या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत, त्या देशांतही भ्रमिष्ट माणसाची वाट रुग्णालयाच्या दारावरून निघून तुरुंगाच्या दारांत कशी जाऊन पोहोंचते, हा ह्या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तक २००६ सालीं निघालें; पुढच्या वर्षीं पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम निवडींत त्याची गणना झाली. इतकें जुनें पुस्तक आतां परीक्षणास कां घ्यावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, त्यांत ज्या एका न्यायाधीशाच्या उद्योगाचा आरंभ दिसतो, त्याचें फळ मोजतां येण्याइतका काळ आतां कोठें लोटला आहे.

अर्ली हे मुरलेले बातमीदार. लेव्हनवर्थच्या तुरुंगावर त्यांनीं १९९२ सालीं 'द हॉट हाउस' हें पुस्तक लिहिलें होतें. तेव्हां कैदी आणि पहारेकरी ह्यांचें जग त्यांना अपरिचित नव्हतें. नवें होतें तें हें कीं, ह्या वेळीं आरोपी त्यांच्या घरांतला होता. त्यांच्या तरुण मुलाला भ्रम होऊं लागले. बाप त्याला घेऊन रुग्णालयांत गेला. मुलानें औषध घेण्याचें नाकारलें, आणि डॉक्टरांनीं सांगितलें कीं, हा जोंवर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठत नाहीं तोंवर त्याच्यावर सक्तीनें उपचार करण्यास व्हर्जिनियाचा कायदा मोकळीक देत नाहीं. दोन दिवसांनीं तो मुलगा एका परक्या, रिकाम्या घरांत शिरला आणि तेथील न्हाणीघरांत साबणाच्या फेसांत आंघोळ करीत राहिला. पोलीस आले. घरफोडीचा व नासधुशीचा असे दोन गंभीर आरोप पुढें त्याच्यावर ठेवण्यांत आले. परंतु त्याच्या आधीं, रुग्णालयाच्या दाराशीं, एक गोष्ट घडली. मुलानें आपणांस ठार मारण्याची धमकी दिली आहे असें बापानें सांगितलें तरच त्याला आंत घेतील, नाहीं तर त्याला तुरुंगांत न्यावें लागेल, असें पोलिसानेंच बापाच्या कानावर घातलें. बाप आंत गेला आणि तसें खोटें बोलला.

आमच्या मतें सबंध पुस्तकाचें मर्म ह्या एका असत्यांत आहे. लेखकाची लेखणी येथें जितकी आवरलेली आहे तितकी ती पुढें नेहमीच राहत नाहीं. ज्याचा धंदाच खरें शोधण्याचा, त्यानें आपल्या मुलाविरुद्ध खोटी साक्ष देऊन त्याचें हित साधावें, ही परिस्थिति एखाद्या नाटककारानें कल्पिली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटलें असतें. कायदा येथें मायेला म्हणतो कीं, तूं भीतीचें सोंग घे, म्हणजे मी तुझें ऐकेन. दयेला दार नाहीं, भयाला आहे. आणि एकदां भयाच्या दारानें आंत गेलेला रुग्ण बाहेर पडतो तो संशयित म्हणूनच बाहेर पडतो. अर्लींनीं ह्यावर प्रवचन दिलें नाहीं, हा त्यांचा संयम वाखाणण्यासारखा आहे.

ह्यानंतर पुस्तकाचे दोन प्रवाह होतात. एका प्रकरणांत मुलाचा खटला, दुसऱ्यांत मायामीचा तुरुंग, असें तें आलटूनपालटून चालतें. मायामीस जाण्याचें कारण असें कीं, तेथील न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांच्या साहाय्यानें लेखकाला तुरुंगाच्या नवव्या मजल्यावर जाऊन पाहतां आलें. त्या मजल्यावर त्या काळीं भ्रमिष्ट कैद्यांना ठेवीत. आत्महत्येची भीति असलेले कैदी थंडगार कोठड्यांत जवळजवळ उघड्या अंगानें पडलेले असत. तुरुंगाचे मनोविकारतज्ज्ञ सकाळीं फेरीस निघाले तेव्हां अर्ली घड्याळ घेऊन त्यांच्या मागून चालले. ९२ कैदी, फेरीला लागलेला वेळ साडेएकोणीस मिनिटें, म्हणजे दर कैद्यामागें १२.७ सेकंद. हा हिशेब मांडतांना लेखकानें डॉक्टरांना खलपुरुष केलेलें नाहीं. तो मनुष्य सहृदय आहे, थकलेला आहे, आणि ह्या जागेंत कोणी बरा होणार नाहीं हें तो जाणून आहे. एका दशांश अपूर्णांकानें जी गोष्ट साधली ती दहा पानांच्या आक्रोशानें साधली नसती. आमच्याकडील सामाजिक लेखनांत अंक आला कीं तो सरकारी अहवालांतून उचललेला असतो; स्वतः घड्याळ घेऊन दारोदार चालल्याशिवाय असा अंक हातीं येत नाहीं.

ह्याच भागांत एका स्त्रीची हकीकत आहे. बसच्या थांब्यावर एका वृद्धेला ढकलल्याचा तिच्यावर आरोप. ती खटला समजण्याच्या स्थितींत नव्हती, म्हणून तिला राज्याच्या रुग्णालयांत धाडलें; तेथें औषधोपचारानें ती खटल्यापुरती शुद्धीवर आली, म्हणून तिला पुन्हां तुरुंगांत आणलें; तुरुंगांत ती पुन्हां ढासळली, म्हणून पुन्हां रुग्णालय. अशा येरझाऱ्यांत वर्षें गेलीं. वैद्यकाचें काम येथें माणसाला बरें करण्याचें नाहीं, आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्यापुरतें करण्याचें आहे.

महाविद्यालयांत 'हॅम्लेट' शिकवितांना राजपुत्राचें वेड खरें कीं खोटें, ह्या प्रश्नावर तास खर्ची पडतात. अर्लींचें पुस्तक वाचल्यानंतर आम्हांस त्या नाटकांतली दुसरीच एक गोष्ट अधिक बोंचूं लागली. क्लॉडियस राजा पुतण्याचें वेड ओळखतो, त्याच्यावर पाळत ठेवावी म्हणतो, आणि त्याच्या हातून खून झाल्यावर त्याच्यावर खटला न भरतां त्याला हवापालटाच्या मिषानें इंग्लंडास धाडतो. बरोबरच्या मोहोरबंद पत्रांत त्याच्या वधाची आज्ञा असते. न्यायासनापासून वेड्याला दुसरीकडे वळविण्याचा हा मोठा कुप्रसिद्ध दाखला होय. पुढें तोच हॅम्लेट लेअर्टीसची क्षमा मागतांना अपराध आपला नव्हे, आपल्या वेडाचा आहे, असा बचाव मांडतो, आणि प्रेक्षकाला तो पटतोही. आगरकरांनीं ह्या नाटकाला १८८३ सालीं 'विकारविलसित' हें मराठी रूप दिलें, आणि त्याच्या आदल्याच वर्षीं ते स्वतः डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून आले होते, ही गोष्ट सहज आठवली. असो. सांगावयाचें इतकेंच कीं, माणसाला कोठून वळविलें ह्यापेक्षां तो कोठें धाडला, हें पाहिल्याशिवाय त्या वळविण्याला दया म्हणतां येत नाहीं.

अमेरिकेंत हे वेडे तुरुंगांत आले कोठून? १९५५ सालीं त्या देशाच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपांच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुष्कळ ठिकाणीं त्यांची स्थिति गुराढोरांसारखी होती. नवीं औषधें आलीं. १९६३ सालीं केनेडी यांनीं गांवोगांवीं उपचारकेंद्रें काढण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्णालयांचीं दारें उघडलीं. पण ज्या केंद्रांच्या भरंवशावर तीं उघडलीं, तीं पुरेशीं निघालीं नाहींत. सुटलेले लोक रस्त्यावर आले आणि रस्त्यावरून पोलिसांच्या गाडींत गेले. हा इतिहास अर्ली समजूतदारपणें सांगतात. परंतु येथेंच बाप बातमीदारावर मात करूं लागतो. सक्तीच्या उपचारांवरील कायद्याचे निर्बंध सैल करावे, धोका दिसेपर्यंत थांबूं नये, ह्या मागणीकडे त्यांचा कल स्पष्ट आहे. ज्याच्या मुलाला दारांतून परत लाविलें त्यानें असें म्हणणें स्वाभाविक आहे. तरी वाचकानें त्यांच्याशेजारी दुसरा एक बाप उभा करून पाहावा. ज्या फ्लोरिडा राज्यांत हें अर्धें पुस्तक घडतें, तेथेंच १९५७ सालीं केनेथ डोनाल्डसन नांवाच्या गृहस्थाला रुग्णालयांत डांबलें, आणि तें त्याच्या वडिलांच्या अर्जावरून. तो कोणाला धोकादायक नव्हता. बाहेर त्याची सोय करण्यास स्नेही तयार होते. तरी तो जवळजवळ १५ वर्षें आंत राहिला. अखेर १९७५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, जो धोकादायक नाहीं आणि जो स्वतः अथवा मित्रांच्या आधारानें बाहेर सुरक्षित राहूं शकतो, अशाला नुसतें कोंडून ठेवण्याचा राज्याला अधिकार नाहीं. ज्या निर्बंधाच्या आवारभिंतीवर अर्लींचें डोकें आपटलें, ती भिंत डोनाल्डसनसारख्यांसाठीं बांधलेली आहे. दोन्ही बाप मुलाचेंच हित पाहत होते, असें आपण धरून चालूं. म्हणूनच बापाच्या मायेवर कायदा उभारतां येत नाहीं.

ह्या दोन बापांच्या मधून एक वाट काढण्याचा जो प्रयत्न मायामींत झाला, तो आम्हांस पुस्तकाच्या वादविवादापेक्षां अधिक मोलाचा वाटतो. लाइफमन यांच्यापुढें २००० सालीं एक किरकोळ गुन्ह्याचा आरोपी उभा राहिला. त्याच्या आईबापांनीं सांगितलें कीं, तो हार्व्हर्डला शिकलेला मनोविकारतज्ज्ञ असून आतां स्वतःच त्या रोगानें ग्रासला आहे. खटला चालविण्यास तो अपात्र ठरला. किरकोळ आरोपींना रुग्णालयांत धाडण्याची कायद्यांत सोय नव्हती. न्यायाधीशाला त्याला रस्त्यावर सोडून देणें भाग पडलें. त्याच वर्षीं लाइफमन यांनीं पोलीस, सरकारी वकील, आरोपींचे वकील, डॉक्टर आणि रुग्णांचे नातलग एकत्र बसवून एक योजना सुरू केली. इंग्रजींत तिला 'डायव्हर्शन' म्हणतात. रस्त्यावरच्या पाटीमुळें हा शब्द आपल्याकडे बैलगाडीवाल्यालाही ठाऊक आहे. परंतु आम्ही त्याला पाटबंधाऱ्याच्या भाषेंतला जुना शब्द सुचवूं. ओढ्याला आडवा बांध घालून पाणी पाटानें शेताकडे नेतात, त्याला वळणबंधारा म्हणतात. बांध नुसता घातला आणि पाट काढला नाहीं, तर पाणी बांधावरून जाऊन पुन्हां ओढ्यालाच मिळतें.

मायामीचा बांध दोन ठिकाणीं आहे. पहिला अटकेपूर्वीं. पोलिसांना ४० तासांचें शिक्षण देऊन, समोरचा माणूस दंगेखोर कीं आजारी हें ओळखण्यास, त्याच्याशीं आवाज न चढवितां बोलण्यास आणि त्याला कोठडीऐवजीं उपचारकेंद्रांत नेण्यास शिकवितात. ही पद्धत मूळ मेम्फिस शहरांतील, १९८८ सालची. त्याच्या आदल्या वर्षीं तेथील पोलिसांनीं एका मनोरुग्णाला गोळी घालून मारलें होतें. दुसरा बांध अटकेनंतर. तुरुंगांत आलेल्यांपैकीं जे ह्या योजनेंत बसतात व संमति देतात, त्यांना थोड्याच दिवसांत उपचारासाठीं हलवितात. प्रकृति सुधारली, राहण्याची व औषधाची व्यवस्था लागली, म्हणजे आरोप काढून घेतात किंवा सौम्य करतात. २००८ पासून कांहीं गंभीर पण अहिंसक गुन्ह्यांसही ही सोय लागू झाली. सर्वांत चांगली योजना अशी कीं, जे स्वतः ह्या रोगांतून गेले आहेत त्यांनाच नव्या माणसांचे सोबती म्हणून नेमतात. २०१० ते २०१९ ह्या दहा वर्षांत तेथील शिक्षित पोलिसांना मनोरुग्णांविषयीं एक लाखाहून अधिक वेळां बोलावणें आलें. त्यांत अटका झाल्या त्या दोनशेंच्या आंत. किरकोळ आरोपींपैकीं शंभरांत सुमारें ७५ जण पूर्वीं वर्षाच्या आंत पुन्हां पकडले जात. योजनेंत आलेल्यांचें तें प्रमाण २० वर आलें. काउंटीला तुरुंगाची एक सबंध इमारत बंद करतां आली.

आंकड्यांतला सर्वांत बोलका मात्र निराळाच आहे. वारंवार पकडल्या जाणाऱ्या अवघ्या ९७ माणसांचा हिशेब तेथें कोणीं केला. पांच वर्षांत त्यांना सुमारें २,२०० वेळां अटक झाली. त्यांनीं तुरुंगांत २७,००० दिवस काढले, निरनिराळ्या रुग्णालयांत आणखी १३,००० दिवस. लोकांच्या तिजोरींतून खर्च झाला सुमारें १ कोटी ३० लाख डॉलर. एवढ्या खर्चांत त्या ९७ जणांना प्रत्येकीं एक खोली, एक वैद्य आणि एक नोकर ठेवतां आला असता, असें एखाद्या व्यवहारी माणसाच्या मनांत येईल.

तरी ह्या यशाकडे थोड्या संशयानें पाहण्याचा टीकाकाराचा हक्क आम्ही सोडणार नाहीं. अटका कमी झाल्या, इमारत रिकामी झाली, खर्च वांचला, हीं सगळीं तुरुंगाच्या प्रकृतीचीं लक्षणें आहेत. माणूस पुन्हां पकडला गेला नाहीं म्हणजे तो बरा झाला, असें होत नाहीं. तो दुसऱ्या काउंटींत गेला असेल, किंवा एखाद्या कोंदट खोलींत निमूट बसून असेल. अर्लींनीं तुरुंगांतून सुटलेल्यांना अशा भाड्याच्या आश्रयगृहांपर्यंत गांठून तेथील दैन्य दाखविलें आहे. पुस्तकाचीं हीं पानें विशेष कोणी वाखाणीत नाहीं, पण तीं आम्हांस नवव्या मजल्याइतकींच महत्त्वाचीं वाटतात. दुसरी शंका संमतीविषयीं. एका हातांत तुरुंगाची किल्ली धरून दुसऱ्या हातानें औषधाची गोळी पुढें केली, तर त्या वेळच्या होकाराला किती मोल द्यावें? आणि तिसरी गोष्ट अशी कीं, कित्येकांना चांगला उपचार मिळण्यास अजूनही आधीं आरोपी व्हावें लागतें. अर्लींच्या असत्यांत जें विपरीत होतें तें येथें सौम्य झालें आहे. नाहींसें झालेलें नाहीं.

पुस्तकाचा मोठा दोष ह्याच ठिकाणीं उघडा पडतो. त्यांत रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांचें बोलणें, ओरडणें, असंबद्ध पुटपुटणें आहे. परंतु त्यांचें म्हणणें क्वचित् आहे. मुलगासुद्धां बापाच्या डोळ्यांनींच दिसतो. त्याला औषध कां नको होतें, ह्याचें उत्तर रोगाच्या लक्षणांत शोधलें जातें, त्याच्या मनांत नाहीं. ह्यावर उतारा हवा असेल त्यानें एलिन सॅक्स यांचें 'द सेंटर कॅनॉट होल्ड' हें आत्मचरित्र वाचावें. तें दुसऱ्याच वर्षीं, २००७ सालीं, निघालें. ह्या बाई कायद्याच्या प्राध्यापिका असून स्किझोफ्रेनियानें आजारी आहेत. येल येथें शिकत असतां त्यांना रुग्णालयांत पलंगाला बांधून ठेविलें होतें. बांधणारे हात बांधलेल्याला कसे दिसतात, हें त्यांच्याइतकें स्पष्ट दुसऱ्या कोणीं लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. औषध घेणें आवश्यक होतें हें त्या मान्य करतात आणि तरीही सक्तीविरुद्ध उभ्या राहतात. हीं दोन पुस्तकें एकमेकांचें खंडन करीत नाहींत. पण एक वाचून दुसरें न वाचणाराच्या पदरीं अर्धेंच सत्य पडेल.

आपल्याकडील स्थितीशीं तुलना करण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण रोग एक असला तरी कारखाने वेगळे आहेत. अमेरिकेंत तुरुंगाचें रुग्णालय झालें. आपल्याकडे पुष्कळदां विस्मरणाचा तुरुंग झाला. आसामांतला एक तरुण १९५१ सालीं पकडला गेला, तेजपूरच्या मनोरुग्णालयांत धाडला गेला. १९६७ सालीं तो बरा आहे असा दाखला मिळाला, तेव्हां त्याची रवानगी घरीं नव्हे, तुरुंगांत झाली. आणि तो सुटला २००५ सालीं. चौपन्न वर्षांत त्याच्यावरचा खटला चाललाच नाहीं. कोणीं त्याचा द्वेष केला नव्हता. वळविलेल्या पाण्याचा पाट कोठें जातो हें पाहणारें कोणी नव्हतें, इतकेंच. बंगालच्या तुरुंगांत तर कसलाही आरोप नसलेले मनोरुग्ण ठेवलेले असत. शीला बारसे यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं तें बेकायदा ठरविलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आणखी दोन पावलें टाकलीं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याच्यावर खटला भरूं नये, ही ११५ व्या कलमाची तरतूद म्हणजे आपल्या देशांतला एक अस्सल वळणबंधाराच आहे. १०० वें कलम पोलिसांना सांगतें कीं, भटकणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला संरक्षणाखालीं घ्यावें, २४ तासांच्या आंत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें, आणि कोणत्याही परिस्थितींत कोठडींत वा तुरुंगांत ठेवूं नये. बांध कागदावर तरी भक्कम आहे. पाटाची गोष्ट काढली कीं येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी हीं चार सरकारी मनोरुग्णालयें आणि त्यांच्यावर टाकलेला अवघा महाराष्ट्र डोळ्यांपुढें येतो.

पाट खणणें मायामीलाही सोपें गेलें नाहीं. तुरुंगांतून वळविलेल्यांना राहण्यास, उपचारास आणि काम शिकण्यास एकच जागा असावी, म्हणून तेथील मतदारांनीं २००४ सालीं कर्ज उभारण्यास मान्यता दिली. सात मजल्यांची इमारत ठरली, २०८ खाटा ठरल्या. त्यानंतर वीस वर्षें उलटून गेलीं तरी तिच्यांत पहिला रुग्ण आलेला नव्हता. चालविण्याचा खर्च कोणीं द्यावयाचा, ह्यावर अधिकाऱ्यांचें बोलणें चालूच होतें.

'क्रेझी'चें मराठी भाषांतर व्हावें असें आम्हांस मनापासून वाटतें. अमेरिकन राज्यांच्या कायद्यांतील बारीक भेद सांगणारीं प्रकरणें संक्षिप्त केलीं तरी हानि नाहीं. नववा मजला आणि आश्रयगृहें यांतला मात्र एक शब्द गाळूं नये. नांवासाठीं 'मनोरुग्ण' हा दवाखान्यांतला धुतलेला शब्द न घेतां सरळ 'वेडा' म्हणावें. आई लेकराला मायेनें म्हणते तोच हा शब्द आहे, आणि पोलीस शिपाईही तोच वापरतो. प्रकाशकानें शेवटीं १०० वें कलम मोठ्या अक्षरांत जोडावें. पोलीस ठाण्यांत पुस्तक गेलेंच, तर निदान तें पान तरी उघडलें जाईल.